गावातला पारवा आणि भक्ष्याभक्ष्यविचार

गावाच्या परसात, देवळाच्या कोनाड्यात किंवा विहिरीच्या कपारीत राहणारा रानटी पारवा खाण्यास योग्य आहे काय, हा प्रश्न वरवर पाहता आरोग्याचा वाटतो. परंतु भारतीय परंपरेने तो कधीही एकाच शास्त्राच्या हाती सोपवला नाही. वैद्यकाने या पक्ष्याचे मांस शरीराला मानवते की नाही हे तपासले, धर्मशास्त्राने ते खाणाऱ्याच्या शुद्धीला बाध आणते की नाही हे पाहिले, आणि इतिहास-पुराणांनी तो पक्षी व त्याला खाऊ पाहणारा माणूस यांच्यामधील नाते कोणते, हा प्रश्न उभा केला. या तिन्ही दृष्टींची उत्तरे काही ठिकाणी जुळतात, तर काही ठिकाणी एकमेकींना छेद देतात, आणि ज्या ठिकाणी ती एकमेकींना छेदतात तेथेच भक्ष्याभक्ष्यविचाराचे, म्हणजे काय खावे व काय खाऊ नये या विचाराचे, खरे तात्त्विक स्वरूप उघड होते.

धर्मशास्त्राचा निर्णय सर्वांत स्पष्ट आहे. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात वर्ज्य पक्ष्यांची जी यादी येते, तिच्यात कच्चे मांस खाणाऱ्या पक्ष्यांच्या जोडीला गावात वस्ती करणारे सर्व पक्षी एका फटक्यात निषिद्ध ठरवले आहेत, आणि याज्ञवल्क्यस्मृतीच्या आचाराध्यायानेही हाच नियम जवळजवळ त्याच रीतीने सांगितला आहे. गावात राहणारे पक्षी म्हणजे नेमके कोणते, याचा खुलासा करताना टीकाकारांच्या लेखणीतून सहज उतरणारे उदाहरण पारव्याचे आहे. याच प्रकरणात गावठी कोंबडा आणि गावडुक्कर हेही वर्ज्य मानले आहेत, मात्र रानातल्या कोंबड्याला व रानडुकराला तो निषेध लागू केलेला नाही. त्यामुळे शास्त्रकारांच्या मनातील भेद पक्ष्या-प्राण्यांच्या जातींमधला नसून वस्तीतले आणि रानातले यांच्यामधला आहे, हे लक्षात येते.

निषेधाची तीव्रता मात्र सर्वत्र सारखी नाही. गावठी कोंबडा, गावडुक्कर, लसूण, कांदा यांसारखे सहा पदार्थ नकळत खाल्ले गेल्यास सांतपन कृच्छ्र नावाचे कठोर व्रत किंवा यतिचांद्रायण, म्हणजे चंद्राच्या कलांशी जोडलेल्या मिताहाराचा एक प्रकार, करावे असे मनूने सांगितले आहे, तर यादीतील उरलेल्या वर्ज्य पदार्थांसाठी एका दिवसाचा उपवास पुरेसा मानला आहे. गावातला पारवा या दुसऱ्या, सौम्य वर्गात मोडतो. म्हणजे शास्त्रकारांच्या दृष्टीने तो खाणे हा दोष होता, परंतु पातित्य आणणारा दोष नव्हता, आणि एवढ्या बारकाईने दोषांची प्रतवारी करणाऱ्या ग्रंथाला हा पक्षी खाल्ला जात असल्याची जाणीव होती, असेही त्यावरून अनुमान करता येते.

गावातला पक्षी वर्ज्य का, याचे कारण स्मृतींनी उघडपणे दिलेले नाही. तथापि ज्या संगतीत तो येतो, त्या संगतीवरून ते ओळखता येते. गावडुक्कर आणि गावठी कोंबडा उकिरड्यावर चरतात, मांसभक्षक पक्षी प्रेतांवर तुटून पडतात, आणि गावात राहणारा पक्षीही माणसाने टाकलेल्या घाणीतून दाणा वेचतो. म्हणून जे अमेध्य, म्हणजे यज्ञाला व भोजनाला अपात्र, ते खाणाऱ्याचे मांसही अमेध्य होते, असा हा तर्क दिसतो. या तर्कात पक्ष्याविषयीची करुणा कोठेही नाही, आणि ती त्यात वाचणे म्हणजे नंतरच्या काळाची भावना आधीच्या ग्रंथाच्या माथी मारणे होईल. स्मृतिकाराला चिंता आहे ती खाणाऱ्याची.

वैद्यकाची चिंताही खाणाऱ्याचीच आहे, परंतु तिचा निष्कर्ष निराळा आहे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील अन्नपानविधी या सत्ताविसाव्या अध्यायात कपोताचे दोन वर्ग केले आहेत. घरांच्या आश्रयाने राहणाऱ्या कपोताचे मांस तुरट, थंड, पचनानंतर मधुर होणारे आणि रक्तपित्त म्हणजे शरीरातून रक्त वाहण्याचा विकार शमवणारे सांगितले आहे, तर रानात राहणाऱ्या कपोताचे मांस त्याहून किंचित हलके व मळ बांधून धरणारे मानले आहे. धर्मशास्त्राने ज्या रेषेवर विधी आणि निषेध यांची सीमा आखली, त्याच रेषेवर वैद्यकाने केवळ गुणांतील लहानसा फरक नोंदवला, ही गोष्ट अर्थपूर्ण आहे. कारण एकाच समाजातील दोन शास्त्रे एकाच पक्ष्याला एकाच वेळी पथ्यकर आणि अभक्ष्य म्हणू शकत होती, आणि त्यात कोणालाही विसंगती वाटत नव्हती.

अर्थात वैद्यकानेही हा पक्षी सरसकट निर्धोक म्हटलेला नाही. मोहरीच्या तेलात तळलेले कपोताचे मांस मध आणि दूध यांच्याबरोबर खाऊ नये, असे चरकसंहितेच्या सव्विसाव्या अध्यायात विरुद्धाहाराच्या, म्हणजे एकत्र येऊन अपाय करणाऱ्या पदार्थांच्या, चर्चेत बजावले आहे, आणि त्याच्या परिणामांत अपस्मारापासून मृत्यूपर्यंतची अनिष्टे मोजली आहेत. त्याहून व्यापक नियम सत्ताविसाव्या अध्यायात आहे: आपोआप मेलेल्या, रोडावलेल्या, फार म्हाताऱ्या वा फार कोवळ्या, विषाने मारल्या गेलेल्या आणि आपल्या स्वाभाविक चरणीच्या प्रदेशाबाहेर पोसलेल्या प्राण्याचे मांस टाकून द्यावे. प्राण्याची जात कोणती, याच्याइतकेच महत्त्व येथे तो काय खाऊन वाढला आणि कसा मेला या प्रश्नांना दिले आहे.

आजचे विज्ञान याच दोन प्रश्नांपाशी येऊन थांबते. पारव्याच्या अंगी क्लॅमिडिया सिटासी हा जिवाणू असू शकतो व त्यापासून माणसाला न्यूमोनियासारखा आजार होतो. साल्मोनेला या आतड्यांत राहणाऱ्या जिवाणूचाही संभव असतो, आणि पारव्याच्या वाळलेल्या विष्ठेत क्रिप्टोकॉकस नावाची बुरशी वाढते. यांपैकी जिवाणूंचा बंदोबस्त मांस आतपर्यंत सुमारे ७४ अंश सेल्सिअस तापेल इतके शिजवल्याने होतो, आणि खरा धोका पुष्कळदा शिजवलेल्या मांसापेक्षा पक्षी सोलताना, पिसे उपटताना व विष्ठेची धूळ श्वासात जाताना असतो. परंतु जे विष उष्णतेने नाहीसे होत नाही त्यावर स्वयंपाकाचा उपाय चालत नाही. वस्तीतला पक्षी रस्त्याकडेच्या धुळीतून शिसे गिळतो, पेरणीसाठी कीटकनाशक चोळलेले बियाणे टिपतो, उंदरांसाठी ठेवलेले झिंक फॉस्फाइडचे आमिषही खातो, आणि तो छऱ्याच्या बंदुकीने पाडला असेल तर शिशाचे कण त्याच्या मांसातच राहतात. बागेत पाळत ठेवून पकडलेल्या रानटी पारव्याने गेल्या महिन्याभरात काय खाल्ले, हे पकडणाऱ्याला कळण्याचा कोणताही मार्ग नाही. त्यामुळे असा पक्षी निरोगी दिसला तरी तो सुरक्षित आहे असे गृहीत धरता येत नाही, आणि सुस्तावलेला किंवा मरून पडलेला पक्षी तर मुळीच खाऊ नये, हा आरोग्याच्या बाजूने देता येणारा प्रामाणिक निर्णय होय. परसात पारव्यासोबत वावरणारा होला आणि महाराष्ट्राचा राज्यपक्षी असलेला हरियाल हे याच कुळातील पक्षी असून १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्यांच्या शिकारीस मनाई आहे, हेही येथे ध्यानात ठेवावे लागते.

येथवर स्मृती, वैद्यक आणि विज्ञान यांच्यात एक प्रकारची संगती लागते, आणि आधुनिक वाचकाला ती सुखावणारी असते. स्मृतिकारांनी अशुद्धी म्हणून जे टाळले तेच आज दूषण म्हणून सिद्ध झाले, असे म्हणण्याचा मोह होतो. तात्त्विक अडचण येथूनच सुरू होते. समजा, एखाद्याने पारव्यांची पिले बंदिस्त खुराड्यात स्वच्छ धान्यावर वाढवली, पशुवैद्याकडून तपासून घेतली आणि नीट शिजवली, तर दूषणाचे कारण संपते. मग त्याबरोबर निषेधही संपतो काय? वेदवाक्यांच्या अर्थनिर्णयाचे शास्त्र असलेल्या मीमांसेने अशा प्रसंगासाठी दृष्टार्थ आणि अदृष्टार्थ हा भेद केला आहे. ज्या नियमाचे प्रयोजन डोळ्यांना दिसते तो दृष्टार्थ, आणि ज्याचे फळ केवळ शास्त्रावरून कळते तो अदृष्टार्थ. जेथे दृष्ट प्रयोजन सापडते तेथे अदृष्टाची कल्पना करू नये, असा मीमांसकांचा दंडक आहे. या दंडकाने पाहता, निषेधाचा पाया केवळ रोग किंवा घाण हा असेल, तर तो दृष्टार्थ ठरतो आणि कारण हटताच त्याचे बळ ओसरते. गावठी कोंबड्याचे नेमके हेच झाले: सांतपन कृच्छ्रास पात्र असलेला तो पक्षी आज मांसाहारी मराठी घरांत निर्वेधपणे शिजतो, आणि त्याच्यापेक्षा सौम्य दोषाचा पारवा मात्र बहुतेकांच्या ताटापासून दूर राहिला आहे. शुद्धीच्या तर्काने हा उलटा क्रम समजावता येत नाही. पारव्याला ताटाबाहेर ठेवणारी दुसरी काही शक्ती असली पाहिजे.

ही शक्ती कथांमधून आलेली आहे असे मानण्यास पुष्कळ आधार आहे, जरी त्या कथांचा प्रवाह एकसुरी नाही. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातील १६५ व्या सूक्तात कपोत हा निर्ऋतीचा, म्हणजे विनाशाच्या देवतेचा, दूत म्हणून घरात शिरतो आणि त्याने अपाय करू नये म्हणून प्रार्थना केली जाते. तेथे तो दयेचा विषय नसून भयाचा आहे. महाभारतात मात्र चित्र पालटते. वनपर्वात उशीनर राजाच्या, आणि अन्यत्र त्याचा पुत्र शिबी याच्या, नावाने सांगितलेल्या कथेत बहिरी ससाण्याच्या भीतीने एक कपोत राजाच्या मांडीवर आश्रय घेतो, आणि ससाणा राजाशी वाद घालतो की हा पक्षी हे त्याचे नियत अन्न आहे, ते हिरावले तर तो व त्याचे कुटुंब मरेल, आणि एका धर्माला बाधा आणणारा धर्म हा धर्मच नव्हे. हा युक्तिवाद दुबळा नाही आणि राजाही त्याला दुबळा मानत नाही. तो ससाण्याला बैल, डुक्कर, हरीण वा रेडा यांचे मांस देऊ करतो; ससाण्याने ते नाकारल्यावर तो आपले मांस तराजूत घालू लागतो आणि अखेर स्वतःच पारड्यात चढतो.

राजाने आधी इतर पशूंचे मांस देऊ केले, हा तपशील कीर्तना-प्रवचनांत सहसा निसटतो, परंतु कथेचा सगळा अर्थ त्यात आहे. राजाला मांसाहाराविषयी तात्त्विक आक्षेप नाही आणि कपोत हा बैलापेक्षा किंवा हरणापेक्षा श्रेष्ठ जीव आहे असेही त्याचे म्हणणे नाही. कपोत त्याच्याकडे शरण आला आहे, एवढेच त्या पक्ष्याचे वेगळेपण. अभक्ष्यता येथे मांसाच्या गुणातून उत्पन्न होत नाही, ती नात्यातून उत्पन्न होते. हीच कथा बौद्ध परंपरेने बोधिसत्त्वाच्या दानपारमितेची, म्हणजे दानाच्या पूर्णत्वाची, म्हणून सांगितली आणि अजिंठ्याच्या पहिल्या क्रमांकाच्या लेण्यात तिचे चित्रण झाले. जैन परंपरेने ती सोळावे तीर्थंकर शांतिनाथ यांच्या पूर्वजन्मातील मेघरथ राजाशी जोडली. तीन परस्परभिन्न दर्शनांनी एकच पक्षी निवडावा, याचे एक कारण पारव्याच्या राहणीत असावे: तो रानटी असूनही माणसाच्या भिंतीत घरटे करतो, पाळलेला नसूनही दाणा टाकणाऱ्यापासून पळत नाही, आणि म्हणून शिकार व शेजारी या दोन कोटींच्या मधोमध उभा राहतो.

शांतिपर्वातील आपद्धर्मपर्व हा प्रश्न आणखी अवघड करते. तेथे भीष्म युधिष्ठिराला प्रथम विश्वामित्राची कथा सांगतो: बारा वर्षांच्या दुष्काळात भुकेने व्याकूळ झालेला ऋषी चांडाळाच्या घरातून कुत्र्याची तंगडी चोरतो आणि जिवंत राहिल्यानेच धर्म करता येईल असे प्रतिपादन करतो. त्यानंतर थोड्याच अंतरावर कपोत आणि व्याध यांची कथा येते, जिच्यात पारध्याने मादीला पिंजऱ्यात कोंडले असतानाही झाडावरचा नर त्याला अतिथी मानतो, त्याच्यासाठी विस्तव मिळवतो आणि त्याला खाऊ घालण्यासाठी स्वतः त्या अग्नीत प्रवेश करतो. पहिली कथा सांगते की प्राण वाचवण्यासाठी अभक्ष्याचा निषेध ढिला होतो. दुसरी सांगते की अन्न मिळण्याचा अधिकार भुकेल्याला असला, तरी ते अन्न कोठून येते याचे ऋण त्याच्यावर राहते, कारण पारधी त्या दृश्यानंतर शिकारच सोडून देतो. भूक ही सबब म्हणून मान्य आहे, पण खाल्ल्या गेलेल्या जीवाचा विसर पडणे मान्य नाही, असा या दोन कथांचा एकत्रित निष्कर्ष काढता येईल.

मराठी वाचकाला परिचित असलेला तिसरा कपोत भागवताच्या अकराव्या स्कंधातील आहे. यदुराजाला आपले चोवीस गुरू सांगताना अवधूत ज्या कपोताचा उल्लेख करतो, तो पिलांच्या व मादीच्या मोहाने आपण होऊन जाळ्यात पडतो आणि पारधी सर्व कुटुंब घेऊन समाधानाने घरी जातो. एकनाथांनी या स्कंधावरील आपल्या टीकेत, जी १५७३ मध्ये काशीला पूर्ण झाली, हा प्रसंग विस्ताराने रंगवला आहे. परंतु तेथील उपदेश आसक्ती सोडण्याचा आहे आणि पारध्याच्या ताटाविषयी मूळ कथा काहीच बोलत नाही. म्हणून कपोताच्या प्रत्येक कथेतून अहिंसेचा आदेश काढता येत नाही, ही मर्यादाही मान्य केली पाहिजे.

भारताबाहेरच्या परंपरांतही गावातल्या पारव्याचा प्रश्न मांसाच्या शुद्धतेपाशी थांबत नाही. यहुदी धर्मशास्त्रात पारवा शुद्ध पक्षी आहे आणि ज्याला कोकरू परवडत नाही त्याने होल्यांची जोडी किंवा पारव्याची दोन पिले अर्पण करावीत, अशी लेवीय ग्रंथाची आज्ञा आहे. तरीही इसवी सन २०० च्या सुमारास संकलित झालेल्या मिश्नाने पारव्यांसाठी फासे लावायचे तर ते वस्तीपासून तीस रिस, म्हणजे सुमारे चार किलोमीटर, दूर लावावेत असे ठरवले, कारण वस्तीजवळचा पारवा कोणाच्या तरी खुराड्यातला असू शकतो आणि त्याला पकडणे ही शेजाऱ्याची चोरी ठरते. इस्लामी शास्त्रात रीतीप्रमाणे जबह केलेला पारवा हलाल आहे, परंतु मक्केच्या हरम या पवित्र क्षेत्रात तोच पक्षी मारणे निषिद्ध असून फकीहांनी म्हणजे धर्मशास्त्रज्ञांनी त्याचे प्रायश्चित्त म्हणून एक बकरी सांगितली आहे. पहिल्या उदाहरणात मालकीने आणि दुसऱ्यात स्थानाने, खाण्यास शुद्ध असलेला पक्षी अस्पर्श्य होतो.

नात्याचा हा तर्क उलट दिशेने ताणला गेला तर काय होते, याचे उदाहरण मुंबईने अलीकडेच पाहिले. जीवदयेच्या भावनेतून उभ्या राहिलेल्या कबुतरखान्यांत रोज धान्य टाकले गेले, पारव्यांची संख्या बेसुमार वाढली, आणि त्यांच्या विष्ठेच्या धुळीने फुप्फुसांना होणाऱ्या दाहाचे प्रमाण हा सार्वजनिक चिंतेचा विषय झाला; जुलै २०२५ मध्ये राज्य शासनाने शहरातील ५१ कबुतरखाने बंद करण्याचे निर्देश दिले, आणि दादरच्या कबुतरखान्यावरून झालेला वाद न्यायालयापर्यंत पोहोचला. ज्या पक्ष्याला खाणे गैर, त्याला खाऊ घालणे अमर्याद पुण्याचे, असे समीकरण मात्र शिबीच्या कथेतून निघत नाही. राजाने शरणागताची किंमत स्वतःच्या देहातून मोजली होती, शेजाऱ्याच्या फुप्फुसांतून नव्हे.

या सर्व विचारातून एक भेद हाती येतो, आणि तो मनुस्मृतीच्याच पाचव्या अध्यायातील भेदावर उभा करता येतो. मीमांसेच्या मते निषेध पाळल्याने पुण्य मिळत नाही, त्याने फक्त अनर्थ टळतो. विष न पिणाऱ्याला कोणी पारितोषिक देत नाही. परंतु जे खाण्यात दोष नाही त्यापासून आपण होऊन परावृत्त होणे, म्हणजे निवृत्ती, ही महाफल देणारी आहे, असे मनू मांसविषयक चर्चेच्या ओघात सांगतो. गावातल्या बागेतला रानटी पारवा न खाणे ही आज पहिल्या प्रकारची गोष्ट आहे: त्याचे खाणे अज्ञात आहे, त्यातील विष शिजवून जात नाही, आणि तो टाळणे हा शहाणपणाचा भाग असून त्यात धर्माचरणाचा विशेष गौरव नाही. खुराड्यात हेतुपूर्वक वाढवलेल्या, तपासलेल्या पारव्याबाबत तो निषेध शिल्लक राहत नाही. ईजिप्तमध्ये पारव्यांसाठी बांधलेल्या मातीच्या मनोऱ्यांतून शतकानुशतके जे अन्न मिळत आले त्याला अशुद्ध म्हणण्याचे कारण नाही. मात्र उद्या एखाद्या यंत्राने परसातल्या पारव्याचे मांसही पूर्ण निर्दोष असल्याची हमी दिली, तर त्या क्षणी प्रश्न पहिल्या प्रकारातून दुसऱ्यात जाईल, आणि आपण टाकलेल्या दाण्यावर विश्वासाने उतरलेल्या पक्ष्याला धरावे की नाही, हे ठरवण्यास वैद्य, पशुवैद्य आणि स्मृतिकार यांच्यापैकी कोणीही उपयोगी पडणार नाही. सुरक्षिततेचा दाखला खाण्याची परवानगी देऊ शकतो. परवानगी असताना हात आवरण्याचा निर्णय ज्याचा त्यालाच घ्यावा लागतो, आणि धार्मिक अर्थाने मोलाचा निर्णय तोच असतो.